विश्लेषण : ठिपका आणि रेषा ‘अभिनय’ करू शकतात? कॅमेऱ्याविना चित्रपट काढणारे नॉर्मन मॅकलॅरेन कोण होते?

मोबाइलवर एखादे पान उघडायला वेळ लागला की पडद्यावर तीन ठिपके एकामागोमाग उड्या मारू लागतात. त्यांना चेहरा नसतो, हातपाय नसतात, तरी ‘जरा थांबा’ हा निरोप पोहोचतो. अ‍ॅनिमेशनपट म्हटले की आपल्याला मिकी माऊस किंवा छोटा भीम आठवतो. पण पात्र आणि गोष्ट बाजूला ठेवून केवळ बिंदू, रेषा, आकार, रंग आणि लय यांच्या बळावर प्रेक्षकाला हसवता येते का, घाबरवता येते का, युद्धाविरुद्ध बोलता येते का, या प्रश्नाचा माग एका माणसाने सुमारे ५० वर्षे काढला. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि कॅनडात सरकारी नोकरी करत ऑस्करपर्यंत पोहोचलेल्या नॉर्मन मॅकलॅरेन यांची ही ओळख. आज अ‍ॅनिमेशन किंवा डिझाइन शिकणारा विद्यार्थी कुठल्याही देशातला असो, हे नाव त्याच्या अभ्यासक्रमात केव्हा ना केव्हा येतेच.

आधी थोडे गणित…

मॅकलॅरेन यांचे काम समजण्यासाठी फिल्मची रचना माहीत असलेली बरी. चित्रपटगृहात चालणाऱ्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी, म्हणजे फ्रेम, मावतात. बोलपटासाठी सेकंदाला २४ चौकटी दिव्यासमोरून सरकतात. म्हणजे एका मिनिटाला १,४४० चौकटी आणि ९० फूट फिल्म. प्रत्येक चौकट स्थिर असते. हालचाल घडते ती पाहणाऱ्याच्या मेंदूत.

आता एका चौकटीत ठिपका काढा. पुढच्या चौकटीत तो थोडा उजवीकडे काढा. प्रत्येक वेळी सारखेच अंतर ठेवले तर ठिपका यंत्रासारखा सरकतो. अंतर हळूहळू वाढवले तर तो वेग घेतो, जणू त्याला कुठे तरी जायची घाई आहे. अंतर कमी करत नेले तर तो दमल्यासारखा किंवा बिचकल्यासारखा थांबतो. ठिपका तोच, रंग तोच. स्वभाव बदलला तो दोन चौकटींमधल्या अंतरामुळे. कागदावरच्या चित्रात बिंदू, रेषा, आकार, रंग, पोत आणि मोकळी जागा हे दृश्य घटक असतात. अ‍ॅनिमेशनमध्ये त्यांत काळाची भर पडते. दोन चौकटींच्या मध्ये जे घडते ते चौकटीवरील चित्रापेक्षा महत्त्वाचे, अशी मॅकलॅरेन यांची धारणा होती आणि त्यांचे जवळपास सगळे लघुपट या एका विचाराच्या निरनिराळ्या चाचण्या आहेत.

कॅमेरा नसताना सुरुवात कशी झाली?

नॉर्मन मॅकलॅरेन यांचा जन्म ११ एप्रिल १९१४ रोजी स्कॉटलंडमधील स्टर्लिंग या गावी झाला. वडिलांचा घरांच्या रंगकामाचा आणि सजावटीचा व्यवसाय होता. १९३२ मध्ये ते ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथील फिल्म सोसायटीमुळे त्यांना सर्गेई आयझेनस्टाइन यांच्यासारख्या सोव्हिएत दिग्दर्शकांचे चित्रपट पाहायला मिळाले. जर्मन चित्रकार ऑस्कर फिशिंगर यांचा संगीताच्या तालावर नुसते आकार नाचवणारा लघुपटही तिथेच पाहिला. नट नाही, कथा नाही, तरी पडद्यावर संगीत दिसू शकते, हे त्यांना उमगले.

आपणही असे काही करावे, ही इच्छा होती. पण अ‍ॅनिमेशनसाठी लागणारा कॅमेरा नव्हता. त्यांनी चित्रपटगृहातून बाद झालेली जुनी फिल्म मिळवली. ती पाण्यात भिजवून तिच्यावरचा चित्राचा थर धुऊन काढला. हाती आली पारदर्शक पट्टी. तिच्यावर रंगीत शाईने थेट चित्रे काढली आणि ती पट्टी प्रोजेक्टरवर चालवून पाहिली. कॅमेऱ्याविना चित्रपट काढण्याची ही पद्धत पुढे त्यांची ओळख ठरली. न्यूझीलंडचे लेन लाय हेही त्याच सुमारास लंडनमध्ये याच पद्धतीने काम करत होते.

कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी विद्यार्थिदशेतच काही लघुपट काढले. त्यातील ‘कलर कॉकटेल’ हौशी चित्रपटांच्या स्पर्धेत ब्रिटिश माहितीपट चळवळीचे अग्रणी जॉन ग्रिअरसन यांच्या नजरेत भरला. ग्रिअरसन यांनी या तरुणाला लंडनमधील जनरल पोस्ट ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागात बोलावून घेतले. हीच ओळख पुढे आयुष्याला दोनदा वळण देणारी ठरली.

युद्धाचा तिटकारा कुठून आला?

१९३६ मध्ये शिल्पकार हेलन बिगर यांच्यासोबत मॅकलॅरेन यांनी ‘हेल अनलिमिटेड’ हा शस्त्रस्पर्धेविरुद्धचा लघुपट केला. चित्रे, बाहुल्या, नकाशे, आलेख आणि प्रत्यक्ष चित्रण यांची त्यात सरमिसळ होती. त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी पेटली. आयव्हर माँटेग्यू यांच्या ‘डिफेन्स ऑफ माद्रिद’ या माहितीपटासाठी कॅमेरामन म्हणून ते माद्रिदला गेले. बॉम्बहल्ल्यांखालचे शहर त्यांनी वयाच्या बाविसाव्या वर्षी पाहिले. या अनुभवाने त्यांच्या युद्धविरोधाला कायमचे बळ दिले.

लंडनला परतल्यावर त्यांनी टपाल खात्यासाठी ‘लव्ह ऑन द विंग’ (१९३८) हा विमानटपालाची जाहिरात करणारा लघुपट केला. त्यातील रेषा क्षणात पत्र होते, क्षणात पाकीट, क्षणात माणूस. एका आकारातून दुसरा आकार इतक्या झपाट्याने निघतो की पाहणाऱ्याला अर्थ लावायला उसंत मिळत नाही. पण त्या आकारांत खात्याच्या मंत्र्यांना शृंगारिक सूचन दिसले आणि चित्रपट अडवला गेला. साध्या रेषेवरही सरकारी आक्षेप येऊ शकतो, हा धडा त्यांना लवकर मिळाला.

लंडनमधल्या याच दिवसांत त्यांची गाय ग्लोव्हर यांच्याशी ओळख झाली. ती आयुष्यभराची साथ ठरली. दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या १९३९ सालीच मॅकलॅरेन अमेरिकेला गेले. पुन्हा एकदा युद्ध जवळून पाहण्याची त्यांची तयारी नव्हती.

आवाज ‘काढता’ कसा येतो?

न्यूयॉर्कमध्ये पैशांची चणचण होती. कॅमेरा नव्हता, ध्वनिमुद्रणाची सोय परवडणारी नव्हती. या अडचणीतून १९४० मध्ये ‘डॉट्स’ आणि ‘लूप्स’ हे दोन छोटे लघुपट तयार झाले. त्यांतील चित्र तर हाताने काढलेले होतेच, पण आवाजही हातानेच काढलेला होता.

हे कसे शक्य झाले? जुन्या पद्धतीच्या फिल्मवर चित्राच्या कडेला एक अरुंद ध्वनिपट्टी असते. प्रोजेक्टरमधला प्रकाश या पट्टीतून आरपार जातो. पट्टीवरील काळ्या-पांढऱ्या खुणांनुसार तो कमी-जास्त होतो. प्रकाशाचा हा चढउतार एक विद्युतघट टिपतो, त्याचा विद्युतप्रवाह होतो आणि स्पीकरमधून ध्वनी निघतो. थोडक्यात, प्रोजेक्टरला फक्त खुणा दिसतात. त्या मायक्रोफोनमधून आल्या की लेखणीतून, हे त्याला कळत नाही.

मॅकलॅरेन यांनी ध्वनिपट्टीवर शाईने बारीक रेघा ओढल्या. एका चौकटीच्या लांबीत १० रेघा ओढल्या तर सेकंदाला २४० होतात. म्हणजे २४० हर्ट्झचा स्वर मिळतो. रेघा दाट केल्या की स्वर चढतो, विरळ केल्या की उतरतो. खुणा मोठ्या केल्या की आवाज वाढतो. खुणेचा आकार बदलला की स्वराचा पोत बदलतो. ‘डॉट्स’मध्ये निळे ठिपके लाल पार्श्वभूमीवर फुटतात, फुगतात, एकमेकांना गिळतात आणि प्रत्येक ठिपक्याबरोबर ‘टक्’, ‘टुक्’ असा आवाज येतो. चित्र आणि ध्वनी दोन्ही एकाच लेखणीतून उतरल्यामुळे त्यांचा मेळ अचूक बसतो.

हे लघुपट न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंगने, म्हणजे आजच्या गुगेनहाइम संग्रहालयाच्या पूर्वावताराने विकत घेतले. सिंथेसायझर घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी दशके आधी, वाद्याविना संगीत बनवण्याचा हा प्रयोग एका खोलीत पार पडला होता.

युद्धविरोधी कलाकार युद्धकाळात सरकारी नोकरीत कसा?

१९४१ मध्ये ग्रिअरसन यांचे दुसरे बोलावणे आले. ते आता कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्ड या सरकारी संस्थेचे प्रमुख होते. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे कार्यालय तेव्हा ओटावामध्ये होते. युद्धाचे दिवस होते. सरकारला नागरिकांपर्यंत संदेश पोहोचवायचे होते. ज्या माणसाने युद्ध टाळण्यासाठी देश सोडला, त्याच्याकडे आता युद्धकाळातील सरकारी प्रचाराचे काम आले.

मॅकलॅरेन यांनी यातून वाट काढली ती विषयांच्या निवडीतून. सणाची टपाल लवकर टाका (‘मेल अर्ली’), बचत रोखे घ्या (‘हेन हॉप’), महागाईला आळा घाला (‘डॉलर डान्स’) अशा नागरी संदेशांवर त्यांनी लघुपट केले. त्यांत शत्रूचे विद्रूप चेहरे नव्हते. ‘हेन हॉप’मध्ये एक कोंबडी नाचते. तिचे पाय, चोच, पंख सुटे होतात, पुन्हा जुळतात आणि शेवटी तिचे अंडे बचतीचा निरोप देते. चार-सहा रेघांची ती कोंबडी अजूनही विद्यार्थ्यांना दाखवली जाते. कमीत कमी रेषांत किती जीव ओतता येतो, याचा तो नमुना आहे.

याच काळात त्यांच्याकडे संस्थेचा अ‍ॅनिमेशन विभाग उभारण्याची जबाबदारी आली. जॉर्ज डनिंग, ग्रँट मन्रो, रेने जोदॉँ असे तरुण त्यांनी गोळा केले. डनिंग यांनी पुढे बीटल्सचा ‘यलो सबमरीन’ हा अ‍ॅनिमेशनपट दिग्दर्शित केला. १९४२ मध्ये संस्थेत आलेल्या एव्हलिन लँबार्ट या कॅनडातील पहिल्या महिला अ‍ॅनिमेटर मानल्या जातात. त्यांना ऐकू कमी येत असे. मॅकलॅरेन यांच्या अनेक महत्त्वाच्या लघुपटांत त्यांचा बरोबरीचा वाटा आहे.

त्यातील एक म्हणजे ‘बिगॉन डल केअर’ (१९४९). विख्यात जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांच्या त्रयीचे संगीत आधी मुद्रित झाले आणि मग लँबार्ट व मॅकलॅरेन यांनी ते पडद्यावर रंगवले. या वेळी त्यांनी चौकटीची सीमाच झुगारली. फिल्मची लांब पट्टी टेबलावर पसरून कापडावर नक्षी काढावी तसे सलग रंग फासले. ओल्या रंगावर लेस आणि जाळीचे कापड दाबून पोत उमटवले, धूळही वाया जाऊ दिली नाही. मधल्या संथ भागात मात्र सारा रंग नाहीसा होतो. काळ्या पडद्यावर दोन-तीन बारीक पांढऱ्या रेषा तेवढ्या थरथरतात. रंगांच्या धबधब्यानंतर येणारी ही रिकामी जागा पियानोच्या एकेका सुराला वजन देते. मोकळी जागा हासुद्धा दृश्य घटकच आहे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे उदाहरण विरळा.

‘नेबर्स’ इतका गाजला का?

१९४९ मध्ये युनेस्कोच्या प्रकल्पासाठी मॅकलॅरेन चीनमध्ये गेले. चोंगछिंगजवळच्या बेबेई येथे ग्रामीण भागात आरोग्याचे शिक्षण देण्यासाठी स्थानिक चित्रकारांना चित्रपट्ट्या आणि साध्या अ‍ॅनिमेशनचे तंत्र शिकवणे, हे काम होते. ते तिथे असतानाच साम्यवादी क्रांती त्या भागात पोहोचली. सामान्य माणसांच्या भल्याची आस त्यांनी तिथे जवळून पाहिली. परतल्यावर काही महिन्यांतच, १९५० मध्ये, कोरियात युद्ध सुरू झाले आणि चीन व पाश्चात्य देशांच्या फौजा आमनेसामने आल्या. कालपर्यंत ज्या लोकांना शिकवले, ते आता ‘शत्रू’ ठरले होते. या अस्वस्थतेतून १९५२ मध्ये ‘नेबर्स’ हा सुमारे आठ मिनिटांचा लघुपट जन्माला आला.

गोष्ट साधी आहे. दोन शेजारी आपापल्या अंगणात शांतपणे बसले आहेत. दोघांच्या मधोमध एक फूल उगवते. दोघेही त्यावर भाळतात. फूल कोणाच्या हद्दीत, यावरून कुरबूर, मग कुंपण, मग हाणामारी. शेवटी दोघेही एकमेकांच्या घरादाराचा नाश करतात आणि स्वतः मरतात. ज्या फुलासाठी हे घडले ते केव्हाच पायदळी तुडवलेले असते.

यात चित्रे नाहीत, खरी माणसे आहेत. पण त्यांना बाहुल्यांसारखे वापरले आहे. नट एका स्थितीत उभा राहतो, एक चौकट टिपली जाते. तो किंचित हलतो, दुसरी चौकट टिपली जाते. उडी मारून हवेत असतानाच दर वेळी चौकट टिपली की पडद्यावर माणूस जमिनीवरून तरंगत जाताना दिसतो. या तंत्राला ‘पिक्सिलेशन’ म्हणतात. निर्जीव वस्तू अशा हलवण्याची युक्ती तशी जुनी. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यांवर ती वापरली होती. मॅकलॅरेन यांनी ती जिवंत माणसांना लावली. परिणामी माणसे स्वतःच्या इच्छेने न वागता कोणी तरी वागवल्यासारखी दिसतात. युद्धात नेमके हेच होते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

लघुपटाची दृश्यरचनाही तेच बोलते. पडद्याच्या दोन बाजूंना पुठ्ठ्यातून कापल्यासारखी दोन सारखीच घरे, दोन सारख्याच खुर्च्या, दोन सारखी माणसे. डावे-उजवे इतके समान की भांडायला कारणच दिसू नये. मग मधोमध कुंपणाची रेषा येते आणि समतोल ढळतो. भांडण पेटत जाते तसे चेहऱ्यांवरचे रंग बदलत जातात, ते हिंस्र मुखवटे होतात. अखेरीस दोन थडगी, त्यांच्याभोवती त्याच कुंपणाच्या पट्ट्या आणि प्रत्येकावर एक फूल. चौकट पुन्हा समतोल झालेली असते, माणसे मात्र राहिलेली नसतात. ध्वनी इथेही कृत्रिम आहे. रेघांचे नमुने असलेली पत्ते-कार्डे एकेक करून ध्वनिपट्टीवर छायाचित्रित केली आणि त्यातून संगीत बनवले.

‘नेबर्स’ला ऑस्कर मिळाला तो लघु माहितीपटाच्या गटात. परीक्षकांना हा प्रकार कुठल्या खान्यात बसवावा हे उमजले नसावे, असे वाटण्याजोगी ती निवड होती. शेजाऱ्यांच्या बायका-मुलांवर हल्ला होतो तो प्रसंग वितरकांच्या आग्रहामुळे काही काळ कापला गेला. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या वर्षांत तो पुन्हा जोडण्यात आला. २००९ मध्ये युनेस्कोने ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ या नोंदवहीत ‘नेबर्स’चा समावेश केला.

भारताशी संबंध कोणता?

१९५०च्या दशकात मॅकलॅरेन युनेस्कोच्या कामासाठी भारतातही येऊन गेले. अल्पखर्चात शैक्षणिक चित्रसाधने कशी बनवायची, हेच इथल्या प्रशिक्षणाचे सूत्र होते. त्यांच्या एका गाजलेल्या लघुपटाला तर भारतीय संगीताचीच साथ आहे. ‘अ चेअरी टेल’ (१९५७) या लघुपटाला पंडित रविशंकर यांची सतार आणि चतुरलाल यांचा तबला आहे. तंबोऱ्यावर मोडू मलिक आहेत. ‘पथेर पांचाली’च्या संगीतानंतर रविशंकर पाश्चात्य देशांत सतार पोहोचवत होते, तो हा काळ.

या लघुपटात एक तरुण आणि एक साधी पांढरी खुर्ची एवढीच पात्रे. तरुणाची भूमिका केली आहे क्लोद ज्युत्रा यांनी. ते सहदिग्दर्शकही होते. तरुणाला पुस्तक वाचत बसायचे आहे, पण खुर्ची बसू देत नाही. ती सरकते, पळते, आदळआपट करते. तिला बारीक दोऱ्यांनी हलवले होते आणि त्या दोऱ्या सांभाळण्यात लँबार्ट यांचा हात होता. रुसवा, संशय, लटका राग हे सारे भाव चार पाय आणि एक पाठ असलेल्या वस्तूत दिसतात. सतारीची मींड आणि तबल्याचे बोल त्या भावांना शब्द पुरवतात. अखेरीस तरुणाला कळते की तिलाही कधी तरी कोणाच्या मांडीवर बसायचे आहे. तो तिला बसू देतो, मग ती त्याला बसू देते. ‘नेबर्स’मध्ये जे दोन शेजाऱ्यांना जमले नाही, ते इथे माणूस आणि खुर्चीला जमते. या लघुपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले होते.

रेषेपासून पुन्हा ठिपक्यापर्यंत…

त्याआधी १९५५ मध्ये ‘ब्लिंकिटी ब्लँक’ या लघुपटाला कान महोत्सवात लघुपटांसाठीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. काळ्या फिल्मवर चाकूने ओरखडे काढून तो बनवला आहे. गंमत अशी की त्यातील बहुतेक चौकटी कोऱ्या, काळ्याच आहेत. एखाद्या चौकटीत आकृती चमकते आणि विझते, पण डोळ्यावर तिचा ठसा क्षणभर राहतो. मधली पोकळी मेंदू भरून काढतो. चित्र न काढताही ते दाखवता येते, असा हा प्रयोग.

१९६० मध्ये लँबार्ट यांच्यासह केलेल्या ‘लाइन्स व्हर्टिकल’ने काटकसरीची हद्द गाठली. लांबलचक पट्टी फिल्मवर ठेवून त्यांनी उभी रेघ कोरली. पट्टी फिल्मला समांतर असेल तर पडद्यावर रेषा जागेवर स्थिर राहते. पट्टी किंचित तिरपी असेल तर रेषा हळूहळू बाजूला सरकते. तिरपेपणा जितका जास्त, तितका वेग जास्त. हालचालीचे सारे गणित एका कोनात सामावले. दोन वर्षांनी हीच फिल्म ९० अंशांत फिरवून ‘लाइन्स हॉरिझाँटल’ तयार झाला. त्याला पीट सीगर यांचे संगीत आहे. मग १९६५ मध्ये या दोन्ही फिल्म एकमेकींवर ठेवून जिथे उभ्या-आडव्या रेषा छेदतात तेवढेच बिंदू शिल्लक ठेवले. तो लघुपट म्हणजे ‘मोझेइक’. ‘डॉट्स’पासून निघालेला प्रवास रेषांमधून फिरून पुन्हा ठिपक्यांवर आला. उभ्या रेषा स्थिर, धीरगंभीर वाटतात. आडव्या झाल्या की त्याच रेषा क्षितिज किंवा पाणी भासतात. घटक तोच असून दिशा बदलताच अर्थ बदलतो, हे एवढ्या नेमकेपणाने क्वचितच कोणी मांडले असेल.

१९६८ चा ‘पा द द’ हा त्यांचा बहुधा सर्वांत देखणा लघुपट. मार्गारेट मर्सिए आणि व्हिन्सेंट वॉरन हे दोन बॅले नर्तक काळ्या पार्श्वभूमीवर नाचतात. प्रकाश बाजूने आणि मागून येतो, त्यामुळे शरीरांची केवळ पांढरी कड दिसते. एकच हालचाल काही चौकटींच्या फरकाने त्याच फिल्मवर पुन्हा पुन्हा, कधी कधी ११ वेळा छापली आहे. हात वर जातो तेव्हा मागे हातांचा पंखा उलगडत राहतो. आत्ता आणि काही क्षणांपूर्वी या दोन्ही वेळा एकाच पडद्यावर दिसतात. त्यालाही ऑस्करचे नामांकन मिळाले. १९७१ च्या ‘सिंक्रोमी’त तर ध्वनिपट्टीवरच्या खुणाच रंगीत करून पडद्यावर आणल्या. प्रेक्षक जे पाहतो तेच ऐकतो.

माणूस म्हणून मॅकलॅरेन कसे होते?

मॅकलॅरेन स्वभावाने संकोची होते. स्वतःचा स्टुडिओ, शिक्का, व्यापार त्यांनी उभारला नाही. सरकारी संस्थेत पगारी नोकर म्हणून १९४१ पासून ते १९८०च्या दशकात निवृत्त होईपर्यंत ते राहिले. संस्था १९५६ मध्ये माँट्रियलला हलली, तेव्हा तेही तिथे गेले.

गाय ग्लोव्हर हेही त्याच संस्थेत निर्माते होते. दोघांनी जवळपास ५० वर्षे एकत्र काढली. कॅनडात समलिंगी संबंध १९६९ पर्यंत गुन्हा होता. १९५० आणि १९६०च्या दशकांत तर तिथल्या सरकारने अशा कर्मचाऱ्यांचा शोध घेऊन अनेकांना नोकरीतून काढले. ज्या वर्षांत मॅकलॅरेन देशाला पुरस्कार मिळवून देत होते, त्याच वर्षांत त्यांचे खासगी आयुष्य त्याच देशाच्या कायद्याने गुन्ह्यात जमा होते. त्याविषयी उघड बोलणे शक्यच नव्हते. त्यांचा अखेरचा लघुपट ‘नार्सिसस’ (१९८३) स्वतःच्याच प्रतिबिंबात अडकलेल्या ग्रीक पुराणातील तरुणाची गोष्ट नृत्यातून सांगतो. त्यात हा तरुण एका स्त्रीला आणि एका पुरुषाला नाकारतो. या लघुपटाच्या शेवटी गज दिसतात. आरशात बंदिस्त झालेल्या माणसाची ती प्रतिमा अनेक अभ्यासकांनी त्यांच्या आयुष्याशी जोडून पाहिली आहे.

१९७३ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’चा सर्वोच्च दर्जा मिळाला. २७ जानेवारी १९८७ रोजी माँट्रियल येथे त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी ग्लोव्हर यांचेही निधन झाले.

मागे काय उरले?

मॅकलॅरेन यांनी आपली तंत्रे गुपित ठेवली नाहीत. लघुपट कसा बनवला, कोणती शाई, किती चौकटी, कुठे चुकले याच्या तांत्रिक टिपणी ते लिहून ठेवत आणि मागेल त्याला उपलब्ध करून देत. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रँट मन्रो यांच्यासह त्यांनी ‘अ‍ॅनिमेटेड मोशन’ ही पाच भागांची शैक्षणिक मालिका केली. स्थिर वेग, वाढता वेग, मंदावणारा वेग, अनियमित गती असे हालचालीचे प्रकार तिच्यात एका साध्या चकतीच्या साह्याने समजावले आहेत. आज सॉफ्टवेअरमध्ये ‘ईझ-इन’ आणि ‘ईझ-आउट’ अशी बटणे असतात. त्यांच्यामागचे तत्त्व हेच.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत घडलेले इशू पटेल १९७०च्या दशकात याच नॅशनल फिल्म बोर्डमध्ये दाखल झाले. हजारो मणी हाताने मांडून केलेला त्यांचा ‘बीड गेम’ (१९७७) ऑस्कर नामांकनापर्यंत पोहोचला. छोट्या जिवांच्या भांडणापासून अणुयुद्धाच्या सावटापर्यंत जाणारा तो लघुपट ‘नेबर्स’च्याच कुळातला आहे.

आता चित्र हलवण्यासाठी ना फिल्म धुवावी लागते, ना चाकू लागतो. शब्द टाइप केला की यंत्र चित्रफीत तयार करून देते. अशा वेळी मॅकलॅरेन यांचे काम शिकवण्याचे कारण जुन्या तंत्राचा हळवेपणा नाही. यंत्र चौकटी कितीही भरून देईल. दोन चौकटींमध्ये ठिपक्याने किती अंतर जायचे, कुठे थबकायचे आणि पडदा कुठे रिकामा सोडायचा, हे ठरवणारा कोणी तरी लागतोच. त्यांचे बरेचसे लघुपट नॅशनल फिल्म बोर्डने इंटरनेटवर मोफत खुले केले आहेत. बहुतेक दहा-बारा मिनिटांच्या आतले आहेत आणि ते समजायला कोणतीही भाषा यावी लागत नाही.